जंगल कोणाचे?
(सरकारी मालकी, गावाचा हक्क आणि कागदाची लढाई)

जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला सरपणाची मोळी आणताना, गुरे चारताना किंवा मोहफुले वेचताना कोणीतरी हटकते आणि विचारते, “परवानगी आहे काय?” हा प्रश्न त्याच्या आजोबालाही विचारला गेला होता आणि पणजोबालाही. ज्या रानात त्याच्या कुळाच्या सात पिढ्या गेल्या, त्या रानात तो चोर कसा ठरला, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या देशातील जमिनीचा प्रश्न नीट समजत नाही. शेतजमिनीच्या मालकीवर आपल्या समाजात पुष्कळ चर्चा झाली आहे. जंगलजमिनीवर त्या मानाने फार थोडी झाली. वास्तविक विदर्भातील आपले कितीतरी समाजबांधव जंगलपट्ट्यातील गावांत राहतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे सोप्या भाषेत मांडावा असे आम्हाला वाटले.

आम्ही कायद्याचे पंडित नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून कागद तपासणे, सही-शिक्के पाहणे हे आमचे रोजचे काम. परंतु त्याच कामामुळे एक गोष्ट आमच्या चांगली ध्यानात आली आहे. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती वस्तू. जंगलाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या कागदाचाच इतिहास आहे.

जंगल सरकारजमा कसे झाले?

इंग्रजांच्या आधी राजेरजवाड्यांचे जंगलावर हक्क नव्हते असे नाही. शिकारीची राने राखीव असत, सागवानासारखी झाडे राज्यकर्ते आपल्यासाठी ठेवीत, जंगलातून जाणाऱ्या मालावर जकात बसे. परंतु गावकऱ्याचे रोजचे व्यवहार, म्हणजे लाकूडफाटा, चारा, कंदमुळे, डिंक, मध यांच्यात राजसत्ता सहसा हात घालीत नसे. रेल्वे आली आणि परिस्थिती बदलली. रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी लाकडाचा प्रचंड खप सुरू झाला. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये त्याहून कडक कायदा आला आणि १९२७ चा भारतीय वन अधिनियम तर आजही अमलात आहे.

१८७८ चा कायदा होण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला होता. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, ज्या हक्काला सरकारने स्पष्ट मान्यता दिलेली नाही तो हक्कच नव्हे, ती केवळ सवलत. आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. मद्रास सरकारने याला विरोध केला. लोकांचे पूर्वापार वापराचे हक्क हे खरे हक्क आहेत, असे त्या सरकारचे मत होते. ब्रँडिस यांनी मधला मार्ग सुचविला. शेवटी बेडन-पॉवेल यांच्या विचाराचाच वरचष्मा राहिला. आजही एखादा कर्मचारी “तुम्हाला सवलत दिली आहे, हक्क नाही” असे बोलतो, तेव्हा तो नकळत दीडशे वर्षांपूर्वीचेच वाक्य बोलत असतो.

कायद्याने जंगलाचे तीन प्रकार केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिले नाही ते सर्व मना. संरक्षित जंगलात जे मना केले नाही ते चालते. तिसरा प्रकार, गावाला जंगल सोपविण्याचा, १९२७ च्या कायद्यात कलम २८ म्हणून आहे. पण बहुतेक ठिकाणी तो पुस्तकातच राहिला.

राखीव जंगल जाहीर करण्याची रीत विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. कलम ४ खाली सरकार आपला इरादा जाहीर करते. मग वन जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढतो आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने तो निदान तीन महिन्यांच्या मुदतीत मांडावा असे सांगतो. ज्याने हक्क मांडला नाही त्याचा हक्क कलम ९ प्रमाणे संपुष्टात येतो. शेवटी कलम २० खाली जंगल कायमचे राखीव होते. वरवर पाहता ही रीत न्याय्य दिसते. पण ज्या माणसाला अक्षरओळख नाही, ज्याची भाषा गोंडी किंवा माडिया आहे आणि कचेरी जिथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, त्याने हा जाहीरनामा वाचायचा कसा आणि मुदतीत अर्ज करायचा कसा? त्याचा हक्क तलवारीने काढून घेतला नाही. मुदत संपली म्हणून तो गेला.

विरोधाची परंपरा

हे सर्व लोकांनी निमूट सोसले असे मुळीच नाही. १८७८ च्या कायद्याला पुणे सार्वजनिक सभेने विरोध नोंदविला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगर, टेकड्या आणि पडीक राने जंगलखात्याने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरे कुठे चरणार, हा सवाल उभा केला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे एक कारण जंगलखात्यात आहे हे इतक्या लवकर ओळखणारा दुसरा विचारवंत सापडणे कठीण.

बस्तर संस्थानात १९०५ मध्ये दोन-तृतीयांश जंगल राखीव करण्याचा आणि फिरती शेती बंद करण्याचा प्रस्ताव आला. त्यातूनच १९१० चा भूमकाल, म्हणजे गुंडाधूरच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. आपल्या चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीम या गोंड तरुणाने निजामाच्या राजवटीविरुद्ध जल, जंगल आणि जमीन यांसाठी लढा दिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे तो मारला गेला.

१९३० चा जंगल सत्याग्रह तर महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत असायला हवा. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी झाला, पण जिथे समुद्र नाही तिथे लोकांनी कोणता कायदा मोडायचा? उत्तर होते, जंगलचा कायदा. विळा घेऊन राखीव रानात जायचे आणि गवत कापायचे. पुसद येथे जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. सांगलीकडील बिळाशी आणि मध्य प्रांतातील तुरिया ही गावे या लढ्यात गाजली. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे गोळीबार झाला आणि आगरी, आदिवासी अशा साध्यासुध्या गावकऱ्यांनी प्राण दिले.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रह थांबला. जंगलचा कायदा मात्र आहे तसाच राहिला. १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हाही तो तसाच राहिला. गवतासाठी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या मुलांना गवतासाठी पुन्हा परवानगीच घ्यावी लागली. राज्य बदलले तरी कागद बदलला नाही, तर गरिबाचे फारसे काही बदलत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर

मध्य प्रांतात १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपली. ही स्वागतार्ह सुधारणा होती. पण मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या ताब्यातील जंगले गावाकडे न येता सरकारजमा झाली. गावाच्या गरजेपुरते लाकूड, बांबू, चारा यांचे हक्क ‘निस्तार’ म्हणून नोंदले गेले. निस्तार हा शब्द विदर्भातील प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. कालांतराने हा निस्तारही आकसत गेला आणि दुसरीकडे तोच बांबू कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने मिळू लागला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० चा वन संरक्षण कायदा आला. हे दोन्ही कायदे जंगल वाचावे याच हेतूने झाले आणि त्यांनी काही अंशी जंगल वाचविलेही. परंतु जंगलात माणूसही राहतो, याची दखल त्यांत फारशी नव्हती.

हिमालयात १९७३ मध्ये चिपको आंदोलन सुरू झाले. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावच्या गौरादेवी आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांनी ठेकेदाराच्या मजुरांना परत पाठविले. गावातली पुरुष मंडळी त्या दिवशी बाहेर होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरपण आणि पाणी आणण्याचे ओझे जिच्या डोक्यावर आहे, तिलाच जंगलाची किंमत अधिक कळते.

याच काळात महाराष्ट्रात दुसरा एक लढा झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. सरकारच्या ताब्यात पडून असलेली जमीन कसण्यासाठी भूमिहीनाला मिळावी ही त्यातील प्रमुख मागणी होती आणि त्यासाठी लाखो लोक तुरुंगात गेले. हा सत्याग्रह मुख्यतः पडीक जमिनीचा आणि गायरानाचा होता. गायरान ही महसूल खात्याची जमीन, तर जंगल वनखात्याचे. दोन्हींचे कायदे वेगळे. पण सरकार जमिनीचे मालक की विश्वस्त, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मेंढा (लेखा): एका गावाची गोष्ट

गडचिरोली जिल्ह्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश भूभागावर जंगल आहे. त्या जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड वस्तीचे लहानसे गाव आहे. लेखा गावाजवळचे म्हणून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. गावाच्या शिवारात सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे. या गावाने जे केले ते देशभर अभ्यासिले जाते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

१९८० च्या दशकात इंद्रावती व गोदावरी नद्यांवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली ही मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यात हजारो हेक्टर जंगल आणि अनेक आदिवासी गावे बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन झाले. बाबा आमटे आणि लाल श्याम शाह यांच्यासारखी मंडळी त्यात होती. प्रकल्प मागे पडले. आंदोलन संपले की लोक घरी जातात, हा नेहमीचा अनुभव. मेंढ्याच्या लोकांनी मात्र पुढचा विचार केला. आपले गाव आपणच चालवायचे असे त्यांनी ठरविले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे सर्वत्र गेली. या कामात गावचे देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचा मोठा वाटा होता.

गावाने घातलेले नियम साधे होते. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यायचा; एकाचाही विरोध असेल तर त्याचे ऐकून घ्यायचे आणि विषय पुन्हा मांडायचा. ग्रामसभेत स्त्री-पुरुष दोघांनीही बसायचे. आणि निर्णयापूर्वी विषयाचा अभ्यास करायचा. त्यासाठी गावात ‘अभ्यास गट’ सुरू झाला. त्यात कायदा, जंगल, मध, आरोग्य असे विषय गावकरी जाणकारांकडून समजून घेत. आमच्या मते मेंढ्याच्या यशाची किल्ली या अभ्यास गटात आहे. घोषणा अनेक गावे देतात, पण कायद्याचे कलम वाचून त्यावर चर्चा करणारी गावे थोडी.

घोटुलाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे ठिकाण. गावाने जंगलातील लाकूड आणून घोटुल उभारले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून लाकूड जप्त केले. गावाने दगडफेक केली नाही, की पळूनही गेले नाही. त्यांनी घोटुल पुन्हा उभारण्याचे ठरविले आणि आसपासच्या गावांनीही आपापल्या गावी घोटुले बांधली. एक गाव दोषी ठरविता येते, पण सगळा मुलूखच उभा राहिला तर खात्यालाही विचार करावा लागतो.

जंगलावरचा हक्क सांगताना गावाने स्वतःवर बंधनेही घालून घेतली. गरजेपेक्षा अधिक तोड नाही, आग लावायची नाही, राखणीसाठी पाळीपाळीने फिरायचे, नियम मोडणाऱ्याला गावाने दंड करायचा. मधमाश्या न जाळता मध काढण्याची पद्धत त्यांनी शिकून घेतली. जंगल आपले म्हटले की त्याची राखणही आपलीच, हे त्यांनी कृतीने दाखविले.

२००६ चा कायदा काय सांगतो?

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ‘वन’ या शब्दाचा अर्थ फार विस्तृत केला. मे २००२ मध्ये केंद्र सरकारने वनजमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे परिपत्रक काढले आणि देशात अनेक ठिकाणी झोपड्या, उभी पिके उद्ध्वस्त झाली. या अन्यायाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिचे फळ म्हणजे ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्य करणे) अधिनियम, २००६’. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. नियम १ जानेवारी २००८ रोजी झाले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच दिलेली आहे. सरकारने स्वतःच्या कायद्यात अशी कबुली द्यावी हे विरळाच.

त्यातील मुख्य तरतुदी अशा आहेत:

एक, वैयक्तिक वनहक्क. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन प्रत्यक्ष ताब्यात व वहितीत आहे, ती जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मान्य होते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो वारसाने जातो, पण विकता येत नाही.

दोन, सामूहिक वनहक्क. निस्तार, चराई, मासेमारी, गौण वनोपजाची मालकी आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलम ३(१)(झ) प्रमाणे गावाच्या पारंपरिक जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क. कलम ५ ने ग्रामसभेला जंगल व वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे.

तीन, निर्णयाची रीत. दावा ग्रामसभेत दाखल होतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते; तीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असतात. समिती मोक्यावर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाते. वरच्या समितीकडे अपिलास ६० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय समितीकडेही अपील करता येते.

चार, संरक्षण. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावून लावता येत नाही.

जाहीरनामा काढून मुदतीत न आल्यास हक्क बुडविणारा १९२७ चा कायदा आणि ग्रामसभेपासून सुरुवात करणारा २००६ चा कायदा यांची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. पहिल्यात गाव अर्जदार होते. दुसऱ्यात ते निर्णय घेणारे पहिले अधिकारी आहे.

बांबू झाड की गवत?

२००९ मध्ये मेंढा (लेखा) व शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील हे अगदी सुरुवातीचे दावे. पण लढाई तेथे संपली नाही. ग्रामसभेने बांबू विकायचे ठरविले, तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना नाकारला. खात्याचे म्हणणे, १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड आहे. ग्रामसभेचे म्हणणे, २००६ च्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिले आहे आणि त्याची मालकी आमची. वनस्पतिशास्त्र तर बांबूला गवताच्या कुळातच धरते. वाद शब्दाचा दिसला तरी पणाला गावाची मालकी लागलेली होती. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्या कागदासाठी गाव खात्याच्या दारात उभे राहत असे, तो फाडून देण्याचा अधिकार आता गावाकडे आला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्टही तितकीच बोलकी आहे. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूच्या विक्रीतून रोजगार उभा केला. तेंदूपान तोडण्यात झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, म्हणून हातचे उत्पन्न सोडून गावाने तेंदू तोडणे बंद केले. गरीब माणूस आजचे पोट पाहतो, उद्याचे जंगल पाहत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

ओरिसातील नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. त्या वर्षी १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. परंतु प्रत्येक ठिकाणी असे होत नाही. गडचिरोलीतील सुरजागड येथे ग्रामसभांनी लोहखनिजाच्या खाणीला विरोध नोंदविला, तरीही खाण सुरू झाली. कायदा हाती असला तरी विजय हमखास नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तीन पिढ्यांची अट

आता आपल्या सभासदांना जवळच्या प्रश्नाकडे वळू. जंगलपट्ट्यातील गावांत आदिवासींबरोबर बौद्ध, ढीवर, कुणबी, गोवारी अशी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कायद्याच्या भाषेत जे अनुसूचित जमातीचे नाहीत ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यांच्यासाठी अधिकची अट आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी निदान तीन पिढ्या, आणि एक पिढी २५ वर्षांची धरून ७५ वर्षे, त्यांचे वास्तव्य जंगलात असले पाहिजे व उपजीविका जंगलावर असली पाहिजे. हिशेब केला तर हा पुरावा १९३० सालापर्यंत मागे जातो. ज्या साली लोक विळे घेऊन जंगल सत्याग्रहाला गेले, त्याच सालचा पुरावा आज भूमिहीनाने आणायचा! ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या नावे सातबारा कधी नव्हताच, त्याने तो कोठून आणावा?

यामुळे कितीतरी दावे फेटाळले गेले. परंतु येथेही कायदा वाचला तर वाट सापडते. ७५ वर्षांची अट वास्तव्याची व जंगलावर अवलंबून असण्याची आहे; तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षे ताब्यात असावा अशी ती अट नाही. हा भेद न कळल्याने अनेकांनी अर्जच केला नाही. पुरावेही अनेक प्रकारचे चालतात. जुना बंदोबस्त, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील आजोबाचे नाव हे सर्व उपयोगी पडते. दावेदाराखेरीज गावातील अन्य वडीलधाऱ्या माणसाचे लेखी निवेदन, जुनी विहीर, स्मशानभूमी यांनाही नियमाने पुरावा मानले आहे. एकूण दोन पुरावे पुरतात. २०१२ च्या नियमांप्रमाणे अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही आणि दावा नाकारायचा तर लेखी कारण द्यावे लागते.

दावे फेटाळण्याचा परिणाम काय होतो ते १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिसले. ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांना जमिनीवरून काढावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभर खळबळ झाली आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. म्हणजे चुकीने फेटाळलेला दावा केवळ कपाटातला कागद नाही. त्यावर एका कुटुंबाचे घर टांगलेले आहे. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनींबाबतही २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि या जमिनी वन म्हणून धरल्या गेल्या. १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींचा विचार वेगळा करण्यात आला. तेव्हा आपले घर किंवा शेत झुडपी जंगलाच्या नोंदीत आहे काय आणि वाटपाचा कागद जवळ आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे.

दुसरी बाजू

सरकारी नियंत्रण उठले तर जंगल उरणार नाही, अतिक्रमणे वाढतील, असे अनेक सुशिक्षित लोक म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी पट्ट्याच्या आशेने नव्याने जंगल तोडले गेले. काही ग्रामसभांचा कारभार एक-दोन पुढाऱ्यांच्या किंवा ठेकेदाराच्या हाती गेला. तेंदूच्या लिलावात अंगठा एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असेही होऊ शकते. पण याचा उपाय हक्क काढून घेणे हा नव्हे. शंभरावर वर्षे सरकारी ताब्यात असताना जंगले तुटली नाहीत काय? ज्या गावाचे पोट जंगलावर आहे आणि हिशेब ज्याच्या हाती आहे, ते गाव जंगल अधिक चांगले राखते, हे मेंढा आणि पाचगाव या दोन्ही गावांनी दाखविले.

हिशेबाबद्दल आमच्या धंद्यातील दोन शब्द. ग्रामसभेचे बँक खाते ग्रामसभेच्याच नावे असावे, सह्या किमान दोघांच्या असाव्यात आणि त्यांत एक स्त्री असावी, पासबुक दर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. वनपट्टा विकता येत नसल्याने तो गहाण ठेवून कर्ज मिळत नाही, म्हणून पट्टेधारकाने निराश होऊ नये. पीककर्ज पिकाच्या तारणावर मागता येते. काउंटरवरच्या माणसाने नकार दिला तर तो लेखी मागावा. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही, लेखी नकाराला देता येते.

आपण काय करावे?

शहरात राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांचे मूळ गाव बहुधा कोठेतरी आहेच. सुट्टीत गावी गेल्यावर वनहक्क समिती आहे काय, सामूहिक दावा झाला काय, कोणाचे दावे नाकारले आणि कारण लेखी मिळाले काय, एवढे विचारावे. शिकलेल्या विद्यार्थ्याने तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या नोंदींच्या नकला काढून द्याव्यात. गावातील वृद्धांची निवेदने ते हयात असतानाच लिहून घ्यावीत. १९३० च्या आसपासचे आपल्या आईबापांकडून ऐकलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. आणि दावा करताना आदिवासी वेगळे, बौद्ध वेगळे, कुणबी वेगळे असे होऊ देऊ नये. सामूहिक हक्क साऱ्या गावाचा असतो. गाव फुटले की दावा फुटतो.

मेंढ्याच्या लोकांनी आधी कलम वाचले, मग सर्वांना समजावून सांगितले आणि त्यानंतर अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. एकेकाळी वाचता न आल्यामुळे ज्यांचा हक्क बुडाला, त्यांच्या मुलाबाळांना आज वाचता येते. त्या वाचण्याचा उपयोग त्यांनी आपल्या गावासाठी केला, तर “परवानगी आहे काय?” या प्रश्नाला जंगलशेजारच्या माणसाला खाली मान घालून उत्तर द्यावे लागणार नाही. हक्काचा कागद त्याच्या हातात असेल आणि त्या कागदावर सही त्याच्याच ग्रामसभेची असेल.